दोन्या ब्रिहिदाची खानावळ

होनोरिओ पेद्रासा हा कबाइग्वान गावातल्या आमच्या सिगारच्या कारखान्याचा वाचक. म्हणजे आम्ही दीडशे माणसं सिगार वळत बसायचो आणि तो उंच चौथऱ्यावर खुर्ची टाकून आम्हाला वाचून दाखवायचा. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. एकवीस वर्षं त्याने एवढंच केलं. स्वतःला सिगार वळता येत नसे. एकदा हौसेने बसला, आणि जे काही तयार झालं ते बघून सेनाइदा म्हणाली, "हे पेटवायचं की पुरायचं?"

सेनाइदा माझ्या शेजारच्या टेबलावर. तीस वर्षं तिथेच बसलेली. पान कापायला आमच्या हातात एक अर्धगोल पातं असतं, त्याला चावेता म्हणतात. सेनाइदाला ते खरं तर कारखान्याने द्यायची गरजच नव्हती, जिभेवर भागलं असतं.

होनोरिओ दिसायला अगदी कुणीच नव्हता. बुटका, कानांत केस, इस्त्रीचा सदरा. आवाज मात्र देवाने कुणा बिशपसाठी बनवला असावा आणि घाईत याच्यात घातला असावा. वाचायला बसण्याआधी तो तीनदा घसा साफ करायचा. पहिलं खाकरणं आमच्यासाठी, दुसरं माईकसाठी आणि तिसरं इतिहासासाठी, असं सेनाइदाचं मत. कादंबरीत बाई बोलायला लागली की हा मान वाकडी करायचा आणि आवाज इतका बारीक काढायचा की मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास ओरडे, "होनोरिओ, लग्न करतेस का माझ्याशी?" त्यावर तो चष्म्यावरून बघायचा आणि त्याच बारीक आवाजात म्हणायचा, "आधी आंघोळ करून ये."

वाचन आवडलं की आम्ही चावेता लाकडी फळीवर ठोकायचो. दीडशे पाती एकदम ठोकली की छपरावरची कबुतरं उडायची. नाही आवडलं तर तीच पाती फरशीवर टाकायची. तो आवाज ज्या वाचकाने ऐकला तो त्या दिवशी जेवत नाही. आणि एक रीत होती. प्रत्येकाला रोज आपल्या ओढण्यापुरत्या दोन-तीन सिगार कारखान्यातून मिळतात. एखादं प्रकरण फारच छान झालं, की घरी जाताना आपली एक सिगार चौथऱ्याच्या कडेवर ठेवून जायची. काही बोलायचं नाही, नुसती ठेवायची. होनोरिओला बायको गेल्यापासून पाच वर्षं कुणी काही दिलं असेल, तर ते एवढंच.

त्र्याण्णव साल आलं तेव्हा आम्ही सगळेच बारीक झालो होतो. रशियाची जहाजं यायची थांबली होती. सकाळी साखरेचं पाणी पिऊन निघायचं, दुपारी ज्याला जेवण म्हणायचा आग्रह होता ते जेवायचं आणि संध्याकाळी पपनसाच्या सालीचा कटलेट तळायचा, तेल असलं तर. माझी पँट कमरेवर थांबायला तयार नव्हती, मी ती दोरीने बांधायचो. "तू आता विवाहित पुरुषापेक्षा बांधलेली जुडी जास्त दिसतोस," सेनाइदा म्हणाली. ती स्वतः इतकी वाळली होती की नवरा तिला सायकलच्या दांडीवर बसवून आणायचा आणि म्हणायचा, वजन जाणवतच नाही, फक्त शिव्या जाणवतात.

उपाशी माणसाला ऐकायला काय द्यायचं, हा प्रश्न होता. पुढची कादंबरी आम्ही मतदानाने ठरवतो. कारखान्याच्या कपाटातली सगळी पुस्तकं दोन-दोनदा वाचून झाली होती आणि त्यातल्या प्रत्येकात कुणीतरी उपाशी मरत होतं. सेनाइदा मतदानाच्या दिवशी उभी राहिली. "होनोरिओ, या वेळी कुणी मेलं तर मी पातं फरशीवर नाही, तुझ्यावर टाकीन."

तो बिचारा आठवडाभर गावात पुस्तक शोधत फिरला. कुठे मिळायला? लोक पुस्तकं चुलीत घालत होते, किंवा त्याहून खासगी कामासाठी वापरत होते. शेवटी पुस्तक मिळालं ते शेंगदाणेवाल्याकडे. पार्कच्या कोपऱ्यावर एक म्हातारा भाजलेले शेंगदाणे कागदाच्या सुरळीत घालून विकायचा. होनोरिओने सुरळी घेतली, दाणे खाल्ले आणि सवयीप्रमाणे कागद वाचला. छापलेलं काहीही असलं की तो वाचायचा, औषधाच्या बाटल्यासुद्धा. कागदाच्या शेवटी एक वाक्य होतं: दोन्या ब्रिहिदाने झाकण परत ठेवलं आणि म्हणाली, जो कोणी आला असेल त्याने आधी जेवावं, मग सांगावं.

होनोरिओ जागच्या जागी उभा राहिला. मग मागे वळून म्हणाला, "म्हाताऱ्या, याचं बाकीचं कुठाय?"

बाकीचं खोक्यात होतं. कव्हर नाही, नाव नाही, लेखक नाही, आणि पहिली चौतीस पानं गावाने दाण्यांबरोबर घरी नेलेली. म्हाताऱ्याने दोन सिगार मागितल्या. "कागद चांगला आहे," तो म्हणाला, "तेल सोडत नाही."

अशी ती कादंबरी गोष्टीच्या मधूनच सुरू झाली. डोंगरातल्या कुठल्याशा रेल्वे जंक्शनवर दोन्या ब्रिहिदा, म्हणजे ब्रिहिदाबाई, नावाची विधवा खानावळ चालवते. गाडी कधीच वेळेवर येत नाही, त्यामुळे उतारू अडकतात, त्यामुळे तिच्याकडे जेवतात. बास. एवढंच. दर प्रकरणात एक नवा माणूस दार ठोठावायचा, आणि प्रत्येकापुढे वाफाळतं ताट यायचं. पहिल्याच दिवशी तिने डुकराच्या मांसाचा, युकाच्या कंदांचा आणि मक्याचा रस्सा केला आणि होनोरिओने तो इतका सावकाश वाचला की दीडशे माणसं सिगार वळायची थांबली. कुणीतरी मागून कळवळून म्हणालं, "होनोरिओ, ते मिरपुडीचं वाक्य परत एकदा." त्याने परत वाचलं. चावेतांचा असा कडकडाट झाला की व्यवस्थापक कॉम्रेड तमायो काय कोसळलं ते बघायला धावत आले.

त्या गहाळ चौतीस पानांनी तर कारखान्यात दोन पक्ष पडले. ब्रिहिदाचा नवरा मेला की पळाला? सेनाइदा पळाला म्हणणाऱ्यांची पुढारी होती. "मेलेल्यांच्या बायका एवढ्या आनंदाने कांदा चिरत नाहीत," असा तिचा पुरावा. लोक त्या म्हाताऱ्याची जुनी गिऱ्हाइकं शोधून त्यांच्या घरच्या सुरळ्या उलगडून बघू लागले. एकाला बारावं पान मिळालंसुद्धा, पण त्यावर तेल सांडलेलं, आणि वाचता येत होता एकच शब्द: "तरीही". त्या एका शब्दावर आम्ही चार दिवस काढले.

हसू नका. तेव्हा घरी जाऊन सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. माझी बायको दारातच विचारायची, "आज काय केलं होतं तिने?" मी सांगायचो, भाजलेलं डुक्कर, केळ्याचे काप. मग आम्ही सालीचा कटलेट खायचो आणि तो जरा बरा लागायचा.

फेब्रुवारीच्या सुमाराला कादंबरी आणखीच चांगली झाली. इतके दिवस ब्रिहिदा नुसती प्रेमळ होती, आता तिला जीभ फुटली. उतारूंना टोमणे मारू लागली, काळ्या घेवड्यात संत्र्याची साल घालू लागली. एक दिवस एक तरुण रडत तिच्या दारात आला, तर म्हणाली, "आधी हात धू, मग रड."

सेनाइदाचं पातं थांबलं. ती माझ्याकडे वळली. "हे एदेल्मिराचं वाक्य आहे."

एदेल्मिरा म्हणजे होनोरिओची गेलेली बायको. आमच्याच कारखान्यात खालच्या बाकांवर पानांच्या शिरा काढायची. घेवड्यात संत्र्याची साल घालणारी अख्ख्या गावात ती एकटी.

"एदेल्मिराने हेच पुस्तक वाचलं असेल," मी म्हणालो.

"एदेल्मिराने आयुष्यात रेशनकार्ड सोडून काही वाचलं नाही," सेनाइदा म्हणाली आणि परत पान कापू लागली. पण त्या दिवशी ती फळीवर ठोकायला विसरली.

मग मार्चमधली ती दुपार आली. वादळ येत होतं. आकाश काळंकुट्ट झालं आणि त्यातच वीज गेली. वीज जाण्याचं आम्हाला काही वाटत नसे, बोटांना दिवा लागत नाही. माईक बंद पडला की होनोरिओ नुसत्या गळ्याने वाचायचा, त्याचीही सवय होती. पण त्या दिवशी दालनात एवढा काळोख झाला की मला सेनाइदाचं नाक दिसत नव्हतं, आणि ते काही लहान नाक नाही. अशा वेळी वाचक पुस्तक मिटतो आणि आम्ही गप्पा मारतो.

होनोरिओ वाचत राहिला.

ब्रिहिदा एका आंधळ्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याला मासा सोलून देत होती, काटा न काटा काढून. आवाज न अडखळता चालला होता. त्याने पानसुद्धा उलटलं, आम्ही ऐकलं. अंधार त्यालाही दिसत असणार. पण वाचायला उजेड लागतो हेच तो विसरून गेला होता.

  त्याने प्रकरण संपवलं, वीज आली, आणि त्याने चष्मा पुसला. आम्ही फळ्यांवर ठोकलं. सगळ्यांनी. मग निघताना चौथऱ्याच्या कडेवर एकामागून एक सिगार ठेवत गेलो. त्या दिवशी पंचवीस-तीस तरी जमल्या असतील. मी माझ्या दोन्ही ठेवल्या.

बाहेर सायकलींपाशी सेनाइदा म्हणाली, "मग सकाळचं वर्तमानपत्र कसं वाचतो?"

"सहाची रेडिओवरची बातमी ऐकून येत असेल," मी म्हणालो. "तसंही त्यात काय वेगळं असतं?"

"कुणाच्या तोंडून तमायोला कळलं, तर मी त्याची जीभ कापीन."

कुणाच्या तोंडून कळलं नाही. कळलं असतं तर होनोरिओला आजारपणाच्या रजेवर घरी बसवलं असतं, आणि घरी त्याच्या होतं कोण? आम्ही त्याला वाचवत होतो. तमायोंनी एकदा विचारलंच, "हे पुस्तक आहे तरी किती पानांचं? संपतच नाही." मागच्या रांगेतून उत्तर गेलं, "कॉम्रेड, छपाई बारीक आहे."

एप्रिलमध्ये डोळे तपासणारी डॉक्टर आली. सगळ्या बेटावर लोकांचे डोळे जात होते. समोरचं धूसर व्हायचं, रंग विटायचे. म्हणून कारखान्या-कारखान्यांतून तपासणी चालली होती. पोरगी पंचवीस-सव्वीसची असेल, स्वतःच उभ्या-उभ्या पेंगत होती. भिंतीवर अक्षरांचा एक तक्ता लावला, एक डोळा झाकून वाचायचं.

आम्ही होनोरिओला रांगेत शेवटी ढकलला. आता जगात दुसरीकडे कुठे हे जमलं नसतं. आम्ही एकवीस वर्षं नुसतं ऐकून पुस्तकं पाठ केलेली माणसं, आणि तो एकवीस वर्षं ऐकवणारा. प्रत्येकाने तक्ता असा खणखणीत वाचला की जणू नाटकात काम करतोय. सेनाइदाने तर खालच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं.

"तेवढं नको वाचायला," डॉक्टर म्हणाली.

"दिसतंय तर सोडू कशाला, पोरी?"

होनोरिओची पाळी आली. तो तीनदा खाकरला. मग वरपासून खालपर्यंत तक्ता म्हणून दाखवला, योग्य जागी थांबत, शेवटच्या ओळीला जरा आवाज चढवून, छापखान्यासकट. आम्ही फळ्या ठोकायचंच काय ते बाकी होतं.

"आजोबा, घारीची नजर आहे तुमची," डॉक्टर म्हणाली आणि कागदावर खूण केली. "तंबाखू ओढता?"

यावर अख्खं दालन हसलं. तीही हसली.

जाताना तिने सगळ्यांना जीवनसत्त्वांच्या पिवळ्या गोळ्या दिल्या. होनोरिओने त्या खाल्ल्या नाहीत. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी खाल्ल्या नाहीत. गोळीने भूक लागायची, आणि भुकेला द्यायला काही नव्हतं. सिगारने भूक मरायची. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घारीच्या नजरेचा सोहळा केला. सिगार इतक्या जमल्या की त्याला सदऱ्यात बांधून न्याव्या लागल्या.

मे महिन्यात तो सायकलवरून जाऊन एका उभ्या बैलगाडीवर आदळला. गाडी रस्त्याच्या कडेला असती तर त्याला दिसली असती, कडेचं दिसायचं. ती बरोबर समोर होती म्हणून दिसली नाही. हात मोडला, दवाखान्यात नेलं, आणि तिथे सगळंच उघड झालं.

मी आणि सेनाइदा भेटायला गेलो तेव्हा ओसरीत तीच डॉक्टर भेटली. तिने आम्हाला ओळखलं. बराच वेळ हातातले कागद खालीवर करत राहिली.

"मी एप्रिलमध्ये तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "तेव्हा सापडलं असतं तर डोळे बहुतेक परत आणता आले असते. सुरुवातीला इंजेक्शनांनी येतात. आता मधलं गेलं. कडेचं थोडं आहे, तंबाखू पूर्ण बंद केली तर तेवढं टिकेल."

"तंबाखूने?" मी विचारलं.

"उपाशी पोटी तंबाखू. रोज आठ-दहा सिगार ओढत होते म्हणाले. एवढ्या मिळतात कुठून यांना?"

मी बोलका माणूस आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मी खिशात हात घातले आणि तिथे माझ्या त्या दिवसाच्या दोन सिगार होत्या. त्याच्यासाठी आणलेल्या.

परतताना सेनाइदाला मी घरापर्यंत सोडलं. दारात म्हणाली, "तक्त्याची शेवटची ओळ मी दोनदा वाचली होती. त्याला नीट पाठ व्हावी म्हणून."

होनोरिओला घरी बसवलं नाही, एवढं तमायोंनी केलं. हात सांधल्यावर त्याला खालच्या बाकांवर दिलं, पानांच्या शिरा काढायला. ते काम बोटांनी होतं. एदेल्मिराचीच जागा नेमकी रिकामी नव्हती, पण तिच्या शेजारची होती. चौथऱ्यावर कोण, यासाठी मतदान झालं आणि सेनाइदा निवडून आली. ती म्हणाली, तुम्ही माझ्यावर सूड घेताय.

पहिल्या दुपारी तिने ते पुस्तक उघडलं. खूण म्हणून बसचं तिकीट होतं, चौऱ्याण्णवाव्या पानावर. फेब्रुवारीपासून ते तिथेच होतं. तिने तिथून वाचायला घेतलं. आवाज कोरडा, बाजारहाटाची यादी वाचावी तसा. आणि तीनच पानांनंतर दोन्या ब्रिहिदाने भांडी विकली, खानावळीला कुलूप लावलं, आणि शहरात भावाकडे शिवणकाम करायला निघून गेली. पुढची शंभर पानं कुणा पुतण्याच्या कोर्टकचेरीची होती.

पहिलं पातं फरशीवर पडलं. मग दुसरं. सेनाइदा वर एकटी बसलेली, तिला वर बघवेना.

"नीट वाच, पोरी." खालच्या बाकांवरून आवाज आला. माईक नव्हता, लागतही नव्हता. "कुलूप नाही लावलं तिने."

सेनाइदाने पानाकडे बघितलं. कुलूप तिथे छापलेलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी काही करू शकणार होतो.

"छपाई बारीक आहे," ती शेवटी म्हणाली. "काय लावलं मग?"

"दिवा लावला. गाडी यायची होती." होनोरिओ मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने पानाची शीर बघत होता. बोटं चालू होती. "कोण उतरलं?"

"कोण उतरलं?" सेनाइदाने पुस्तकात बघत विचारलं.

"एक नाक मोठं असलेली बाई. फार बोलणारी," होनोरिओ म्हणाला.

दालन हसलं. सेनाइदा वाचायला लागली, जे तिथे नव्हतं ते. वाईट वाचत होती, दर वाक्याला खाली बघून विचारत होती, पण साडेतीनपर्यंत त्या बाईला रस्सा वाढून झाला. फळ्यांवर ठोकलं आम्ही. आणि मग सगळ्यांचे हात सवयीने सिगारपाशी गेले आणि तिथेच थांबले. लोक उभे राहिले, परत बसले, डब्यांची झाकणं उघडून लावत राहिले. द्यायला दुसरं काही आम्हाला माहीतच नव्हतं.

बाहेर मी त्याचा हात धरून चालत होतो. पार्कपाशी तो थांबला, नाकाने हवा ओढली.

"तुझ्या खिशात दोन आहेत," तो म्हणाला. "आजच्याच. दे एक."

"डॉक्टरने—"

"डॉक्टर पोरगी आहे. दे रे. आता डोळ्यांचं जायचं काय राहिलंय?"

मी दिली. मला नाही म्हणता आलं नाही. एकवीस वर्षं त्याला नाही म्हणायची सवयच नव्हती. त्याने ती नाकाखालून फिरवली, टोक तोडलं, ओठांत धरली आणि वाट बघत उभा राहिला.

मी काडेपेटी काढली. पहिली काडी घासली, ती मुद्दाम उलट्या टोकाने. दुसरीही. तिसरीही. "सादळल्यात," मी म्हणालो. "सगळी पेटीच सादळलीय, बघ. काय माल येतो हल्ली."

चौथी घासली. पाचवी. तो मान तिरकी करून माझ्या हातांच्या बाजूला कुठेतरी बघत होता. किती दिसत होतं त्याला, कुणास ठाऊक.

"खोटं वाचतोस," तो म्हणाला. सिगार तोंडातच होती, न पेटलेली. "आणि सेनाइदाहून वाईट वाचतोस."

मी सहावी काडी घासली.